उत्तर द्यायला घरात कोण आहे?

हैदराबादच्या नारायणगुडा मेट्रो स्टेशनवरून चिक्कडपल्लीच्या दिशेने निघालं की दुसरं स्टेशन आरटीसी क्रॉस रोड्स. हिमायतनगरच्या मुलांना सिनेमा म्हटलं की पहिल्यांदा आठवतं ते हेच ठिकाण. तिथल्या संध्या थिएटरमध्ये ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री 'पुष्पा २'च्या प्रीमियरला चेंगराचेंगरी झाली. एका आईचा जीव गेला, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. पुढच्या महिन्यात तिकिटांच्या वाढीव दरांवर आणि अवेळी होणाऱ्या खेळांवर तेलंगणा उच्च न्यायालयात सुनावणी चालली होती. तेव्हा, २१ जानेवारी २०२५ ला, न्यायालयाने म्हटलं की सोळा वर्षांखालच्या मुलांना सकाळी ११ च्या आधी आणि रात्री ११ नंतर थिएटरात सोडू नका. मल्टिप्लेक्सवाले न्यायालयात गेले आणि १ मार्चला तेच बंधन सैल झालं. म्हणजे जेमतेम सव्वा महिना या शहरातल्या मुलांनी रात्रीचा सिनेमा पाहायचा की नाही, हे न्यायालय ठरवत होतं.

त्या सव्वा महिन्यात आपल्याकडच्या सोसायट्यांच्या जिन्यांवर दोन मतं ऐकू यायची. एक, "बरं झालं, कुणीतरी सांगितलं." दुसरं, "माझ्या पोराला कुठे न्यायचं ते मी बघीन, कोर्टाचं काय काम?" मजा अशी की ही दोन्ही मतं पुष्कळदा एकाच घरातून यायची. आईचं पहिलं, बाबांचं दुसरं.

मला दोन्हींत थोडी पळवाट दिसते. पहिल्यात वाईटपणा दुसऱ्याच्या माथी मारायची सोय आहे, दुसऱ्यात हक्काची भाषा आहे पण जबाबदारीची नाही. मुलांनी काय पाहावं, काय वाचावं, काय कळून घ्यावं हे कोणी ठरवायचं, याला माझी एकच कसोटी आहे. ते पाहून झाल्यावर मूल प्रश्न घेऊन ज्याच्याकडे येणार, त्याने ठरवावं. रात्री साडेदहाला अंथरुणात "त्या माणसाला का मारलं?" असं मूल विचारतं, तेव्हा तिथे न्यायाधीश नसतात, सेन्सॉर बोर्ड नसतं, यूट्यूबचा कुणी माणूस नसतो. असता ते तुम्ही. नाहीतर आजी.

ही कसोटी आता जरा घरात लावून बघू.

आजी, रिमोट आणि तेलुगू

हिमायतनगरातली कितीतरी मराठी घरं अशी आहेत की आई-बाबा दोघंही हायटेक सिटीकडे नोकरीला. सकाळी साडेआठला बाहेर, रात्री आठ-साडेआठला घरात. मूल साडेतीनला शाळेतून येतं, ते आजी-आजोबांकडे. म्हणजे दिवसाचे चार-पाच तास मुलाने काय पाहायचं ते प्रत्यक्षात आजी ठरवते आणि नियम मात्र आई-बाबांनी केलेले असतात. नियम करणारा एक आणि राबवणारा दुसरा असला की मूल दोघांच्या मधल्या फटीतून सहज निसटतं. "आई हो म्हणालीये" आणि "आजीने दिला फोन" ही दोन वाक्यं ज्या घरात रोज ऐकू येतात, तिथे ठरवणारं कुणीच नाही असं समजा.

म्हणून पहिलं काम हे. एखाद्या रविवारी आई, बाबा, आजी, आजोबा अशी मोठी माणसं मूल खेळायला गेलं असताना बसा. दुपारचे तास आजीचे आहेत, तर त्या तासांपुरता शेवटचा शब्द आजीचा. सूनबाईंनी ऑफिसातून फोन करून तो फिरवायचा नाही. पटलं नाही तर रात्री मूल झोपल्यावर बोला. उलट आजीनेही संध्याकाळनंतर "जाऊ दे गं, लहान आहे तो" म्हणत मधे पडायचं नाही. हे बोलायला अवघड जातं, सासू-सुनेच्या नात्यात तर फारच. पण हे न बोलता केलेला प्रत्येक नियम आठवड्यात मोडतो.

दुसरी अडचण खास आपली, हैदराबादच्या मराठी माणसांची. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, खाली पार्किंगमध्ये खेळताना तेलुगू आणि दखनी. मुलाला चारही कळतात. परभणी किंवा लातूरहून मुलाकडे राहायला आलेल्या आजीला तेलुगू बिलकुल कळत नाही. नातू दिवाणावर लोळत तेलुगू रील्स पाहतोय, फोनमधून हशा येतोय, आजी विचारते, "काय म्हणतोय रे तो?" नातू मान वर न करता सांगतो, "काही नाही गं, जोक आहे." पाच मिनिटांनी पुन्हा हशा, पुन्हा तेच उत्तर.

इथे फोन काढून घेण्यापेक्षा एक गोष्ट करून पाहा. आजीने म्हणायचं, "मला पण हसायचंय, मराठीत सांग." रोज दोन-तीन व्हिडिओ नातवाने आजीला मराठीत समजावून सांगायचे. जे सहज सांगता येतं ते बहुतेक निरुपद्रवी असतं. जिथे तो अडखळतो, लाजतो किंवा "तुला नाही कळणार" म्हणतो, ते ठिकाण आजीने लक्षात ठेवायचं आणि ओरडायचं नाही. रात्री आई-बाबांच्या कानावर घालायचं. यात नातवाचं मराठी सुधारतं हा वरचा फायदा. आणि जी आजी फोनच्या बाबतीत स्वतःला अडाणी समजत होती, ती एकदम राखणदार होते, कारण प्रश्न विचारायला तंत्रज्ञान लागत नाही.

गाव ठरवतं तेव्हा

महाराष्ट्रात या प्रश्नाला दोन गावांनी दोन तऱ्हांनी हात घातला, तेही काही महिन्यांच्या अंतराने. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनातल्या ऑनलाइन शाळेने मुलांच्या हातात मोबाइल दिला आणि शाळा सुरू झाल्या तरी तो सुटेना. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही नि मोबाइल बंद राहतील. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायलाच बंदी केली आणि मोडेल त्याला दोनशे रुपये दंड ठेवला.

दोन्हींमागची काळजी सच्ची आहे. मला मात्र वडगाव जास्त शहाणं वाटतं आणि त्याचं कारण भोंगा नव्हे. तिथे बापालाही फोन खाली ठेवावा लागला, आईलाही मालिका सोडावी लागली. बान्सीत नियम फक्त पोरांना. ओसरीवर बसून मोबाइल चाळणाऱ्या माणसाने मुलाला त्याच मोबाइलसाठी दंड सांगायचा, हे मुलांच्या डोळ्यांतून सुटत नाही.

आता हिमायतनगरच्या लिबर्टी चौकात भोंगा वाजवला तर हॉर्नच्या गदारोळात तो कुणाला ऐकूही येणार नाही. पण एका मजल्यावरची तीन-चार घरं मिळून वडगाव करू शकतात. बाजूच्या फ्लॅटमध्ये टीव्ही चालू असला की आपल्या मुलाचा जीव तिकडे, ही खरी अडचण असते. शेजारच्या रेड्डीकाकू, समोरचं मारवाडी कुटुंब आणि तुम्ही असं मिळून आठ ते नऊ पडदे बंद ठेवायचं ठरवलंत तर मुलाचं "सगळे बघतात, मीच नाही" हे हुकमी वाक्य निकालात निघतं. घरातल्या मोठ्यांचे चारही फोन तेव्हा फ्रिजवर, आवाज चालू ठेवून. ऑफिसचा फोन येईल? येऊ दे, उठून घ्या. मुलाला फोन घेणं आणि फोन चाळणं यातला फरक दिसू दे.

आपल्याच फोनमधून काय जातं

मुलांना वाईट गोष्टी दाखवणारा कुणीतरी बाहेरचा असतो असं आपण धरून चालतो. एकदा आपला व्हॉट्सॲप उघडून 'परिवार', 'कॉलनी', 'दहावी बॅच' या गटांत गेल्या महिन्यात काय काय आलं ते वर सरकवत पाहा. अपघातातले मृतदेह, जमावाने केलेली मारहाण, कुठल्या दंगलीचा म्हणून फिरवलेला भलत्याच देशातला व्हिडिओ, आणि सकाळच्या गुलाबाच्या फुलांमध्ये दडलेला एखादा चावट विनोद. हे सगळं फोनच्या गॅलरीत आपोआप उतरतं आणि मूल गॅलरी उघडतं ती स्वतःचा वाढदिवसाचा फोटो शोधायला.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय बंद करता येते, गॅलरीत दिसणंही बंद करता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, आज करा. आजी-आजोबांच्या फोनवर आधी करा. यूट्यूबवर एक संपला की दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, तेही बंद करता येतं. लहान मुलासाठी स्वतंत्र, पालकांच्या देखरेखीतलं खातं काढता येतं. ओटीटीवर तर मुलांचं वेगळं प्रोफाइल आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन असतोच. २०२१ च्या नियमांनुसार तेरा वर्षं किंवा त्यावरच्या वयाची खूण असलेल्या कार्यक्रमांना कुलूप लावायची सोय देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. तो पिन मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नका, इतकंच. सगळ्यांनी तोच ठेवलेला असतो.

टीव्हीवरच्या बातम्यांचं काय करायचं हा प्रश्न मला अनेकजण विचारतात. माझं मत जरा कडक आहे. रात्री नऊची आरडाओरड्याची चर्चा दहा वर्षांखालचं मूल जागं असताना लावू नका. बातमी हवी तर सकाळी पेपर मोठ्याने वाचा. पेपर वाचताना तुम्ही थांबू शकता, गाळू शकता, नकाशा काढू शकता.

माहिती अडवण्याबद्दल

आतापर्यंत बहुतेक अडवण्याचंच बोललो. पण 'काय दाखवायचं नाही' आणि 'काय सांगायचं नाही' हे एकच नाही आणि मराठी समाजाने या दोहोंत फार घोळ घातला आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं, शरीराबद्दल आणि संततिनियमनाबद्दल साध्या, कोरड्या भाषेत लिहिलं, आणि त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यातल्या एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. ऐंशी वर्षं उलटून गेल्यावर, २००७ मध्ये, महाराष्ट्रात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि तो कार्यक्रमच थांबवला गेला. रवी जाधवांचा 'बालक-पालक' हा सिनेमा २०१३ मध्ये आला तेव्हा घरोघरी त्याची चर्चा झाली, कारण चाळीतल्या मुलांना घरात उत्तर मिळत नाही म्हणून ती भलतीकडून मिळवतात, ही गोष्ट प्रत्येकाला स्वतःची वाटली. सिनेमातल्या त्या मुलांना व्हिडिओ कॅसेट मिळवायला खटपट करावी लागायची. आता तसली खटपट उरलेली नाही.

म्हणून शरीराची माहिती मुलांना उशिरा नव्हे, आधी द्या. नऊ-दहाव्या वर्षी, पाळी येण्याच्या आधी, मुलीला आणि मुलालाही. मुलाने विचारलं की "मोठा झालास की कळेल" म्हणू नका. तेवढ्याच प्रश्नाचं, तेवढंच, खरं उत्तर द्या. सुचलं नाही तर "उद्या सांगते" म्हणा आणि उद्या खरंच सांगा. मृत्यू, घटस्फोट, जात, दंगल या विषयांनाही हेच लागू. हैदराबादेत वाढणाऱ्या मुलाला जुन्या शहराबद्दल वर्गात काहीबाही ऐकू येतंच. त्यावर घरात गप्प बसणं हेही एक उत्तरच होतं, आणि ते सहसा चुकीचं.

दहा ते तेरा हे वय मला सगळ्यांत नाजूक वाटतं. त्याच्या आधी मूल तुम्ही लावाल ते पाहतं, त्याच्यानंतर तुम्हाला न विचारता पाहतं. या मधल्या तीन वर्षांत ठरवण्याचं काम हळूहळू त्याच्याकडे द्यायचं असतं. रीत साधी आहे: आठवड्यातून एक सिनेमा किंवा मालिका त्याने निवडायची आणि का निवडली ते सांगायचं. तुमची नापसंती असेल तर तुम्हीही कारण द्यायचं, आणि कधीकधी त्याचं ऐकायचं. सिनेमाच्या प्रमाणपत्रावर आता सात, तेरा आणि सोळा अशा वयांच्या वेगळ्या खुणा असतात, २०२३ च्या कायदादुरुस्तीने त्या आल्या. त्या खुणा पालकांसाठीचा सल्ला आहेत. तिकीटघरावर मुलाला अडवलं जातं ते फक्त 'ए' प्रमाणपत्राला. मुलाला त्या खुणा वाचायला शिकवा, म्हणजे "हा तेरा प्लस आहे, मी अकराचा आहे, पण तू सोबत बसशील का?" असं ते स्वतः विचारतं. या प्रश्नापर्यंत मूल आलं की अर्ध्याहून जास्त काम झालं.

सरकार, शाळा आणि जन्मसाल

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागेल असं ठरवलं. मुलांच्या हालचालींचा माग काढून त्यांच्यावर जाहिराती सोडायलाही त्याने मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. सरकारने कंपन्यांना वेसण घालावी याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, ते काम कुठल्याही आईच्या आवाक्यातलं नाही. पण खातं काढताना जन्मसाल २००० टाकायचं हे चौथीतल्या पोराला ठाऊक आहे. आणि कायद्याने मागितलेली संमती शेवटी तुमच्याच बोटाने दिली जाणार आहे. न वाचता दिलीत तर कायदा असून नसल्यासारखा.

शाळांशी मात्र थोडं भांडायला हवं. गृहपाठ व्हॉट्सॲपवर, सूचना ॲपवर, प्रकल्पासाठी यूट्यूबची लिंक, आणि पालकसभेत "मुलांना मोबाइल देऊ नका" असा उपदेश! पुढच्या सभेला जाताना दोन प्रश्न घेऊन जा. गृहपाठ वहीत किंवा फळ्यावर लिहून देता येईल का? आणि शाळेच्या ॲपमध्ये मुलाची कोणती माहिती, कुणाकडे जाते? एकट्याने विचारलंत तर हसून वेळ मारून नेतील. पाच-सहा पालकांनी मिळून लेखी विचारा.

सरकारनेच सगळं ठरवण्याचा अनुभव या शहराला नवा नाही. निजामाच्या राजवटीत सभा, वर्तमानपत्रं, खासगी शाळा सगळ्यांवर नजर असायची. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. याच राजवटीत इथल्या मराठी माणसांनी १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा काढली, १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं. आपल्या मुलांनी काय वाचायचं ते आपण ठरवू, असं त्यांनी न बोलता म्हटलं. हे ग्रंथसंग्रहालय कोठीकडच्या इसामिया बाजारात. नारायणगुड्याहून सुलतान बाजार हे पुढचंच स्टेशन, थिएटरांच्या उलट्या दिशेला. वेळ आधी विचारून घ्या आणि मुलाला घेऊन जा. तिथे गेल्यावर एक पथ्य पाळा: पुस्तक निवडताना मधे बोलू नका. भुताची गोष्ट उचलली, भुताची. फाटकं विनोदी पुस्तक उचललं, तेच. मुलाच्या निवडीला पूर्ण मोकळीक देता येईल अशा जागा आता फार थोड्या उरल्यात आणि पुस्तकांचं कपाट ही त्यांतली सगळ्यांत सुरक्षित.

आणि तरीही दिसलंच तर

एवढं करूनही एक दिवस मुलाच्या डोळ्यांपुढे नको ते येणारच. मित्राच्या फोनवर, शाळेच्या बसमध्ये, ट्यूशनच्या बाहेर. ते सांगायला मूल तुमच्याकडे आलं तर पहिलं वाक्य हेच असू दे, "बरं केलंस सांगितलंस." फोन हिसकावू नका, कारण सांगितलं की फोन जातो हे एकदा कळलं की पुढच्या वेळी ते सांगणार नाही. काय दिसलं, कुणी दाखवलं, कुणी पाठवलं, पुन्हा मागितलं का, एवढं शांतपणे विचारा. कुणी अनोळखी माणूस मुलाशी बोलत असेल, फोटो मागत असेल, धमकावत असेल तर तो संवाद पुसून टाकू नका. खात्याचं नाव आणि तारीख-वेळ कागदावर टिपून ठेवा. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते.

अशा वेळी हमखास होणारी एक गोष्ट टाळा. मुलांचं लैंगिक चित्रण असलेला व्हिडिओ "बघा, शाळेत काय फिरतंय" म्हणून पालकांच्या गटात पुढे ढकलू नका. हेतू कितीही चांगला असला तरी तो पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, आणि असा मजकूर जवळ बाळगणंही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं आहे. गटात फक्त एवढंच लिहा की असा मजकूर फिरतोय, कुणाच्या फोनवर आला तर पुढे पाठवू नका, आपण पोलिसांत तक्रार देतो आहोत. मग ती खरोखर द्या, त्याच दिवशी.